चुन्याची निवळी आणि प्रवाळ

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतील घरगुती खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ असलेच तर ते मेलेले असे. सांगाडा रसायनात धुऊन पांढराशुभ्र केला जाई आणि माशांच्या मागे शोभेसाठी मांडला जाई. जिवंत प्रवाळ टाकीत टिकत नाही, हा अनुभव बहुतेकांना आला होता.

या समजाला मोठा धक्का बसला तो जकार्ताहून. तेथील ली चिन एंग यांनी आपल्या टाक्यांत ना गाळणी लावली, ना औषधे घातली. समुद्रातून आणलेले सच्छिद्र, जीवाणूंनी भरलेले खडक, हवेचे मंद बुडबुडे आणि भरपूर सूर्यप्रकाश, एवढ्यावर त्यांचे प्रवाळ जगले. १९६१ साली एका अमेरिकी मासिकात त्यांनी ही पद्धत मांडली. समशीतोष्ण देशांतील हौशी वाचकांना तिचे अनुकरण जमेना. जकार्ताचे ऊन आणि ताजे समुद्रजल त्यांच्या दाराशी नव्हते.

उन्हाचे महत्त्व विज्ञानालाही सहजासहजी उमगले नव्हते. बहुतेक भित्तीनिर्मात्या प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते. १९२८-२९ च्या ग्रेट बॅरियर रीफ मोहिमेचे प्रमुख मॉरिस याँग यांनी प्रवाळ अंधारात ठेवून पाहिले. शैवाल गेले, तरी अन्न मिळत राहिलेले प्रवाळ जगले. म्हणून शैवाल प्रवाळाला अन्न पुरवत नसावे, असा निष्कर्ष याँग यांनी काढला. प्रयोग चोख होता, निष्कर्ष मात्र पुढे टिकला नाही. १९५० च्या दशकात जमैकात थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवले, की उजेडात प्रवाळाचा सांगाडा अधिक वेगाने वाढतो. शैवालाने प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेले पदार्थ प्रवाळाच्या शरीरात जातात, हेही नंतर सिद्ध झाले.

सांगाडा वाढू लागला, की पाण्यातील कॅल्शियम घटते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. बंदिस्त टाकीत त्याची भरपाई करावी लागते. पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात सुचवलेला उपाय आपल्याकडच्या कोणत्याही घरात ओळखता येईल असा आहे: चुन्याची निवळी. तिच्यातील कॅल्शियम प्रवाळाला मिळते आणि हायड्रॉक्साइड पाण्यातील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून बायकार्बोनेट बनते. सांगाड्याला दोन्ही लागतात. मात्र निवळी फार तीव्र आम्लारिधर्मी असते. एकदम ओतली तर पाण्याचा सामू उसळतो, म्हणून बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी ती थेंबथेंब सोडतात. तीही शक्यतो रात्री, प्रकाशसंश्लेषण थांबून सामू उतरलेला असताना.

बर्लिनमधील हौशी मंडळींनी जिवंत खडक, प्रखर दिवे, फेसाबरोबर सेंद्रिय मळ काढणारे स्किमर आणि ही निवळी यांची सांगड घातली. तेथेच डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीत १९८० च्या दशकात अॅक्रोपोरा जातीचे फांद्यांचे प्रवाळ वाढले. त्यांनी त्याचे तुकडे इतरांना वाटले, त्या तुकड्यांच्या वसाहतींचे पुन्हा तुकडे झाले, आणि एका टाकीतील प्रवाळ देशोदेशी पोहोचले.

त्याच काळात भारतात व्यवहार उलटा चालला होता. मन्नारच्या आखातात प्रवाळ खणून काढले जात आणि चुना, सिमेंट, कॅल्शियम कार्बाइड यांच्या उद्योगांना पुरवले जात. बर्लिनमध्ये चुना पाजून प्रवाळ वाढत होते. तुतिकोरिनच्या बाजूला प्रवाळ भाजून चुनकळी होत होती. पूवरसनपट्टी आणि विलंगुचल्ली ही दोन बेटे पाण्याखाली गेली, त्यामागे या उत्खननाचा मोठा हात मानला जातो. १९८६ साली येथे सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, तरी खणणे चालूच राहिले. २००१ साली भित्तीनिर्माते प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसले, आणि पुढील काही वर्षांत हा धंदा बंद पडला. भारतीय समुद्रातील असे प्रवाळ काढणे किंवा हौसेच्या टाकीसाठी विकणे हा तेव्हापासून गंभीर गुन्हा आहे. (अंगठीतले पोवळे वेगळ्या कुळातले, त्याच्या ऊतींत शैवाल नसते.)

तुकड्यापासून वसाहत वाढवण्याचे तंत्र मात्र समुद्रात उपयोगी पडले. मन्नारच्या आखातात तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेने काँक्रीटच्या चौकटींवर प्रवाळाचे तुकडे बांधून उजाड भित्तींवर लावले. गुजरातेत मिठापूरजवळ भारतीय प्राणी सर्वेक्षणाने जानेवारी २०२० मध्ये लोखंडी सांगाडा समुद्रतळाशी बसवला. सौम्य विद्युतप्रवाहामुळे पाण्यातील चुनखडीच सळयांवर चढते आणि त्यांना बांधलेले तुकडे तिच्यावर वाढतात.

तापमानाचा प्रश्न याने सुटत नाही. पाणी फार तापले, की प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. मे २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या कठीण प्रवाळांचे असे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाल्याचे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने सांगितले. घरातल्या टाकीला अशा वेळी शीतक यंत्र जोडता येते.