वाट आणि वहिवाट

शेतांतून जाणारी पायवाट, विहिरीचें पाणी, गुरांचें कुरण यांविषयींचे तंटे शेवटीं वहिवाटीवर येऊन ठरतात, हें आपल्याकडील कोर्टकचेऱ्यांची ज्यांस थोडीबहुत माहिती आहे त्यांना सांगावयास नको. परंतु केवळ मनाच्या आनंदासाठीं सकाळीं डोंगरावर चढावें आणि सायंकाळच्या आंत घरीं परतावें, याचीहि वहिवाट असूं शकते आणि तिच्या रक्षणासाठीं लोक न्यायालयापर्यंत जातात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरांच्या प्रदेशांत असा एक तंटा घडला. त्याची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

या प्रदेशांत डर्वेंटवॉटर नांवाच्या सरोवरानजीक केझिक हें लहानसें गांव वसलेलें आहे. गांवाच्या उत्तरेस, स्किडॉ पर्वताच्या पायथ्याशीं, लॅट्रिग नांवाची टेकडी असून तिची उंची अवघी १,२०० फुटांच्या आसपास आहे. न्याहारी करून निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास सहज परत येऊं शकतो. परंतु माथ्यावर उभें राहिलें म्हणजे दक्षिणेस सरोवराचा विस्तार, त्यांतील झाडींनीं भरलेलीं बेटें आणि त्यांपलीकडे बॉरोडेलच्या दरीवर एकामागून एक उभे असलेले डोंगर दृष्टीस पडतात. एवढ्या थोड्या श्रमांत एवढें मोठें दर्शन घडविणारी टेकडी विरळाच.

हें सौंदर्य कोणाचें, हा प्रश्न मात्र जुना आहे. कविवर्य वर्ड्‌स्वर्थ यांनीं या प्रदेशाची माहिती देणारें एक पुस्तक लिहिलें असून, ही भूमि एक प्रकारें साऱ्या राष्ट्राची ठेव आहे व प्रत्येक रसिकाचा तींत वांटा आहे, असा उदार विचार त्यांत मांडला आहे. तथापि १८४४ सालीं केंडलहून विंडरमियरकडे आगगाडी नेण्याचा बेत निघाला, तेव्हां त्याच कवीनें वर्तमानपत्रांत पत्रें लिहून त्यास विरोध केला. गिरण्यांच्या शहरांतून झुंडींनीं येणाऱ्या मजुरांस या सौंदर्याची गोडी एकाएकीं कशी लागणार, आणि त्यांच्या गर्दीनें येथील शांतता कशी टिकणार, अशी त्यांची शंका होती. या शंकेंत कांहींच तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण रसिकतेची परीक्षा कोणीं घ्यावयाची, आणि डोंगर पाहिल्यावांचून डोंगराची गोडी लागावी तरी कशी, या प्रश्नांचें उत्तर त्या पत्रांत सांपडत नाहीं. आगगाडी १८४७ सालीं विंडरमियरला आणि १८६५ सालीं केझिकलाहि पोंचली.

पाहुणे वाढले, तशा कांहीं जुन्या वाटा बंद होऊं लागल्या. लॅट्रिगवर जाणारी वाटहि जमीनदार स्पेडिंग कुटुंबाकडून अडविली गेली. अशा तंट्यांत मालकाचें म्हणणें बहुधा ठराविक असतें: जमीन आमची, लोकांस जाऊं दिलें ती आमची मेहेरबानी. लोकांचें म्हणणें असें कीं, पिढ्यान्‌पिढ्या न विचारतां ज्या वाटेनें गेलों, ती मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे. पाद्री हार्डविक रॉन्स्ले यांच्या पुढारीपणाखालीं केझिकमध्यें पायवाटांच्या रक्षणासाठीं मंडळ उभें राहिलें होतें, आणि प्रवाशांसाठीं मार्गदर्शक पुस्तकें लिहिणारे हेन्‍री जेंकिन्सन हे त्याचे खटपटी कार्यकर्ते होते. १८८७ च्या ऑक्टोबरांत सुमारें दोन हजार माणसें वाटेवरील अडथळे दूर करीत टेकडीच्या माथ्यावर गेलीं. खलाशांच्या जीविताच्या रक्षणासाठीं पार्लमेंटांत झगडलेले सॅम्युएल प्लिमसॉल हेहि त्यांत होते. प्रकरण न्यायालयांत गेलें व १८८८ सालीं तडजोड होऊन माथ्यावर जाणारी वाट लोकांस मोकळी झाली. त्यांची दुसऱ्या एका वाटेवरची मागणी मात्र मान्य झाली नाहीं.

या विजयाचा आवांका लहान होता, पण परिणाम लहान नव्हता. वाट राखावयाची तर पुष्कळदां भूमीच राखावी लागते, हें ओळखून रॉन्स्ले, ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांनीं १८९५ सालीं 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था स्थापिली. १९०२ सालीं डर्वेंटवॉटरच्या कांठचें ब्रँडलहाउचें वन लोकवर्गणीनें विकत घेऊन संस्थेनें तें सर्वांस खुलें केलें. पुढें १९३२ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, एखाद्या वाटेचा लोकांनीं वीस वर्षें अखंड व हक्कानें उपयोग केला असेल, तर मालकाचा उलट हेतु सिद्ध न झाल्यास ती लोकांस अर्पण झाली असें धरून चालावें. १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि १९५१ सालीं हा सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान ठरला.

या इतिहासांतून आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. इतर बहुतेक संपत्ति वापरानें झिजते. वाटेचा हक्क मात्र वापरानेंच दृढ होतो. सहलीस निघालेला मनुष्य, त्यास ठाऊक असो वा नसो, आपल्या पावलांनीं मागून येणाऱ्यांसाठीं साक्ष देत असतो. अर्थात् पावलांचें ओझें जमिनीलाहि होतें, आणि वर्ड्‌स्वर्थ यांची शंका आज निराळ्या रूपानें समोर उभी राहिली आहे. त्या डोंगरांवरील झिजलेल्या वाटा दगड रचून पुन्हा बांधाव्या लागत आहेत. पण झिजलेली वाट माणसांस बांधतां येते. बंद झालेली वाट मिळवावयास पिढी खर्ची पडते. लॅट्रिगच्या मागील अंगानें आतां एक सौम्य चढणीची वाट काढलेली असून, ज्यांस चालतां येत नाहीं तेहि चाकांच्या खुर्चींतून माथ्याकडे जाऊन सरोवराचें दर्शन घेऊं शकतात. सौंदर्यांत सर्वांचा वांटा आहे हें म्हणणें कवीस सोपें होतें. तो वांटा ज्याच्या त्याच्या पदरांत पडावयास दोन हजार माणसांस ती टेकडी चढावी लागली.