चार खटक्यांचे पिस्तूल

शुक्रवार, 9 मे 1879. भरतीच्या पाण्यावर तुमचा मचवा पनवेलच्या बंदराला लागतो. अंगात कारकुनाचा अंगरखा, डोक्याला पगडी आणि काखेत साहेबाची महोगनीची पेटी. तुमच्या पुढे चाललेला साहेब रस्त्यांच्या खात्यातला इंजिनिअर आहे. तुम्ही दीडशे वर्षांनंतरचे आहात, हे त्याला ठाऊक नाही.

बंदरापासून गावापर्यंत भाताच्या गोण्या आणि सुकटीचा वास. इथे 1852 पासून नगरपालिका आहे. बोरघाटातून 1863 मध्ये आगगाडी वर चढली आणि पुण्याचा प्रवासी पनवेलला वळसा घालून जाऊ लागला. पण बैलगाड्या अजून येतात, कारण पनवेलच्या चाकांना तोड नाही. पेठेच्या टोकाला शेणींच्या आरात लोखंडी धाव लाल होऊन पडली आहे. चार माणसे सांडशींनी ती उचलतात, लाकडी चाकावर बसवतात, पाणी ओततात. धाव आक्रसते आणि आरे, पाटे, तुंबा एकमेकांत करकचून बसतात. अर्धे सूत जास्त सुटले तर चाक घाटात खिळखिळे होते. हे गाव ‘बसणे’ म्हणजे काय ते जाणते.

साहेब इथे चाकासाठी आलेला नाही. तो पेटी उघडायला सांगतो.

हिरव्या बनातीत कोल्टचे 1873 च्या घाटणीचे सहाबारी, लंडनला पॉल मॉलवरच्या 14 नंबरच्या पेढीतून घेतलेले. साहेबाने मुठीला हस्तिदंत बसवून घेतले आहे, नळीवर वेलबुट्टी कोरून घेतली आहे. नळीच्या कुशीला रिकामी काडतुसे ढकलून काढण्याचा दांडा असतो, त्याच्या नळकांड्याचा स्क्रू बाराच्या धक्क्याने सैल होतो. या घाटणीची ती जुनी खोड. तेवढा आवळून हवा आहे.

लोहार हात पुसून पिस्तूल घेतो. वेलबुट्टीकडे तो बघतही नाही. सांगाड्यावर निळे-तपकिरी ढग उमटले आहेत, त्यावर अंगठा फिरवतो.

“पाणी चांगलं दिलंय, रावसाहेब. हाडाच्या कोळशात भाजलंय का?”

हो, हाडाच्याच. तुम्हाला हे माहीत आहे, त्याला ते नुसते रंगावरून कळले.

मग तो घोडा मागे ओढतो. सावकाश. खट, खट, खट, खट. पहिला खटका सुरक्षिततेच्या खाचेचा, दुसरा अर्ध्या घोड्याचा, म्हणजे काडतुसे भरायची वेळ. तिसऱ्याला खालची खिट्टी वर येते, चौथ्याला घोडा पुरता चढतो आणि चक्री जागच्या जागी जखडते. चाप ओढून हे काहीच होत नाही. चापाचे काम फक्त सोडण्याचे, बाकी सगळे अंगठ्याचे. प्रत्येक बाराआधी माणसाला ते स्वतः करावे लागते, आणि म्हणूनच अशा शस्त्राची जोडणी हाताला कळते. लोहार घोडा चढवून चक्री चिमटीत धरतो, डावी-उजवीकडे हलवून बघतो. मग नळी आणि चक्रीमधली फट उजेडासमोर धरतो.

“कारखान्यातलं आहे. बरं आहे. पण एकेक घर नळीशी लावून घेतलेलं नाही.”

इथे तुमचा श्वास अडकतो. हीच गोष्ट पुढे अमेरिकेतले कारागीर करणार आहेत. 1920 च्या दशकात एल्मर कीथ नावाचा शिकारी स्वतःच्या हाताला साजेल असे कोल्ट घडवून घेईल आणि त्याला ‘नंबर पाच’ म्हणेल. 1980 च्या दशकात वायोमिंगचा जॉन लाइनबॉ सहाऐवजी पाचच घरांची जाड चक्री बनवेल, भिंती दणकट राहाव्यात म्हणून. अशा हातघडणीच्या कामात चक्री तिच्याच सांगाड्यात जखडतात आणि प्रत्येक घर नळीच्या सरळ रेषेत कोरतात. त्यामुळे गोळी नळीत शिरताना कडेला घासत नाही. मला विचाराल तर असे पिस्तूल बाळगण्यातला खरा आनंद या रेषेत आहे, हस्तिदंतात नाही.

लोहाराला पिस्तूल उघडून बघायचे आहे. साहेब मान डोलावतो. खालची पट्टी सुटते आणि आत चाप व खिट्टी दोघांना रेटणारी दुशाखी कमान दिसते. या यंत्रातला सर्वांत नाजूक तुकडा. मोडला की सगळेच थांबते.

“ही मी करीन.”

तुम्हाला त्याला कायदा सांगावा लागतो. 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय हत्यार घडवणे, विकणे, बाळगणे गुन्हा आहे. गोऱ्या साहेबाला त्यातून सूट आहे. ज्याला या पिस्तुलातले सगळे कळते, त्याला ते घरात ठेवता येणार नाही. ज्याला स्क्रू आवळता येत नाही, तो मालक. माझ्या लेखी त्या कायद्याचा हा सर्वांत मोठा अन्याय आहे: त्याने बंदुकाच नव्हे, हातातले कसबही परवान्याखाली आणले.

उद्या रात्री काय होणार ते तुम्ही जाणता, पण बोलू शकत नाही. इथून कोसा-दोन कोसांवरच्या पळस्पे आणि चिखलीवर दौलतराव नाईकांची बंडखोर टोळी चालून येईल, सुमारे दीड लाखाची लूट घेऊन घाटाकडे वळेल, आणि इंग्रज फौजेतल्या मेजर डॅनिअलच्या तुकडीच्या गोळीने दौलतराव पडतील. त्यांचा नेता वासुदेव बळवंत फडके शेजारच्याच शिरढोणचा. तो या घडीला दूर दक्षिणेत आहे.

“कमान म्हणजे हत्यार नव्हे,” लोहार म्हणतो.

जुन्या कानशीचा तुकडा तो भट्टीत घालतो, ठोकतो, चिरून दोन शाखा करतो. तेलात विझवतो, घासून लख्ख करतो, पुन्हा मंद आचेवर धरतो. पिवळा, तांबूस, मग निळा. निळा दिसताच बाहेर. बोटाने वाकवतो, ती सरळ होते. पुन्हा वाकवतो. पिस्तुलात घालून घोडा चढवतो: चारही खटके स्वच्छ. मग ती काढून मूळची परत बसवतो. नवी साहेबाच्या पेटीत जादा म्हणून जाते.

साहेब पैसे देतो आणि खर्च कशात टाकायचा ते तुमच्याकडे बघून विचारतो. तुम्ही दौत उघडता आणि लिहिता: टांग्याचे चाक, दुरुस्ती.