ऑपरेशन दुर्योधन

संसदेत प्रश्न विचारण्यासाठी काही सदस्य पैसे स्वीकारतात, हे गुप्त कॅमेऱ्याच्या साहाय्याने उघडकीस आणणारे भारतीय शोधपत्रकारितेतील चित्रण. ‘कोब्रापोस्ट’ या वृत्तसंस्थेच्या अनिरुद्ध बहल, सुहासिनी राज व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महिने खपून ते तयार केले आणि ‘आज तक’ या वृत्तवाहिनीने १२ डिसेंबर २००५ रोजी ते दाखविले.

या प्रकारास एक जुने उदाहरण होते व त्याचा संबंध मुंबईशी होता. मुंबईतील सोने-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिची बाजू सभागृहात मांडल्याचा ठपका हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्‌गल यांच्यावर संसदीय समितीने ठेवला. हकालपट्टीचा ठराव विचाराधीन असतानाच त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. त्या वेळी पुरावा कागदपत्रांचा व साक्षींचा होता. २००५ मध्ये मात्र नोटा स्वीकारणारे हात मतदारांनी घरबसल्या पाहिले. दोन्ही प्रकरणांतील खरा फरक हाच होय.

पत्रकारांनी लघुउत्पादकांची एक काल्पनिक संघटना उभी केली. तिचे प्रतिनिधी म्हणून ते मध्यस्थांमार्फत सदस्यांना भेटत व तयार प्रश्न त्यांच्या हाती ठेवत. दिलेल्या रकमा पंधरा हजारांपासून एक लाख दहा हजार रुपयांपर्यंत होत्या. एवढ्या अल्प मोबदल्यात संसदीय अधिकार विकला जावा, ही गोष्ट लाचेच्या आकड्यापेक्षा अधिक धक्कादायक ठरली.

चित्रणात लोकसभेचे दहा व राज्यसभेचा एक सदस्य दिसला. त्यांत भारतीय जनता पक्षाचे सहा, बहुजन समाज पक्षाचे तीन आणि काँग्रेस व राष्ट्रीय जनता दल यांचा प्रत्येकी एक सदस्य होता. महाराष्ट्रातील दोघेही खानदेशातले : जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील. पाटील यांनी पूर्वी केंद्रीय राज्यमंत्री म्हणून काम केले होते. सभापती सोमनाथ चटर्जी यांनी पवनकुमार बन्सल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचे सदस्य विजयकुमार मल्होत्रा यांनी कार्यपद्धतीविषयी भिन्न मत नोंदविले. तरीही २३ डिसेंबर २००५ रोजी सर्व अकरा सदस्यांची हकालपट्टी झाली. केळी व कापूस पिकविणारा जळगाव जिल्हा त्यामुळे एकाच दिवशी लोकसभेतील आपल्या दोन्ही प्रतिनिधींना मुकला. दोन्ही जागांसाठी २००७ मध्ये पोटनिवडणुका झाल्या. पुढे मतदारसंघांच्या पुनर्रचनेत एरंडोल हा लोकसभा मतदारसंघच उरला नाही.

संसदेचा हकालपट्टीचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २००७ रोजी चार विरुद्ध एक मताने मान्य केला. फौजदारी कारवाई मात्र रेंगाळली. विशेष म्हणजे, लाच देण्यास साहाय्य केल्याबद्दल पोलिसांनी पत्रकारांनाही आरोपी केले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती कारवाई रद्द केली व भ्रष्टाचार उघड करणे हे नागरिकाच्या कर्तव्याशी सुसंगत असल्याचे मत दिले. माजी सदस्यांवर विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये आरोप निश्चित केले. लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या सदस्यास १९९८ च्या निर्णयाने मिळालेले घटनात्मक संरक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी काढून घेतले; भाषणासाठी घेतलेल्या लाचेलाही तोच नियम लागू झाला.