बासरीने दाढ बधिर होत नाही

दाताच्या दवाखान्यात हल्ली बासरी वाजते. नाहीतर संतूर, नाहीतर झऱ्याच्या खळखळाटात मिसळलेला पियानो. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत तीच ध्वनिफीत फिरत राहते; रिसेप्शनवरच्या मुलीचे काय होत असेल ते तीच जाणे. त्यामागचा समज आता डॉक्टर आणि पेशंट दोघांनीही निमूट मान्य केलेला दिसतो : सुरांच्या अंगीच भीती आणि वेदना शमवण्याचा गुण आहे, मंद काहीतरी लावले की निम्मे काम झाले. त्याहून उत्साही मंडळी कोणत्या व्याधीवर कोणता राग याची यादीच मोबाइलवर पाठवतात.

पूर्वपक्ष अगदीच लेचापेचा नाही. वॉलेस गार्डनर हे अमेरिकेतले दंतवैद्य आणि जे. सी. आर. लिक्लायडर हे मानसशास्त्रज्ञ. संगणकांच्या जाळ्याची कल्पना पुढे मांडली ते हेच लिक्लायडर. या दोघांनी ए. झेड. वाइस्झ या सहकाऱ्यासह १९६० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध छापला. रुग्णाच्या कानांवर हेडफोन आणि हातात एक छोटी पेटी. पेटीवरून दोन आवाज कमीजास्त करता येत : एक संगीताचा, दुसरा धबधब्यासारख्या सलग गोंगाटाचा. एरवी गाणे ऐकत पडायचे, कळ येणार असे वाटले की गोंगाट चढवायचा. ज्यांना पूर्वी भूल द्यावी लागे अशा हजार रुग्णांपैकी ६५ टक्क्यांचे एवढ्यावर पूर्ण भागले, असा त्यांचा दावा होता. बासरीवाल्यांना याहून भक्कम आधार मिळायचा नाही.

पण दावा नीट वाचावा. दुखण्याच्या क्षणी रुग्ण ज्याचा आधार घेत होता तो गोंगाट होता, संगीत नव्हे. शिवाय तो किती चढवायचा हे त्याच्याच हातात होते. आणि समोरचा डॉक्टर ‘याने दुखणार नाही’ असे मनापासून सांगत होता. मग गुण कशाचा? तीनच वर्षांनी, १९६३ मध्ये, मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी याचा छडा लावला. सोबत होते तेच वाइस्झ, म्हणजे घरचाच साक्षीदार. बर्फगार पाण्याची कळ माणूस किती वेळ सोसतो हे त्यांनी मोजले. काहींना मोठा आवाज ऐकवला आणि ‘याने कळ कमी होते’ असेही ठासून सांगितले. काहींना आवाज तेवढा दिला. काहींना नुसती ग्वाही दिली, सोबतीला निरर्थक गुणगुण. सोसण्याची ताकद खऱ्या अर्थाने वाढली ती फक्त पहिल्यांची. नुसता आवाज लंगडा पडला, नुसता शब्दही. सुरांच्या ‘अंगच्या’ गुणाचा निकाल तिथेच लागला, असे मी मानतो.

आता प्रत्यक्ष खुर्चीत बसून पाहू. कानात बोळे कोंबा, वर हेडफोन चढवा, मालकंस लावा. ड्रिल दाढेला टेकेपर्यंत सगळे ठीक. ते टेकले की त्याची थरथर दाढेतून जबड्याच्या हाडात आणि तिथून थेट अंतर्कर्णात पोचते. कानाच्या वाटेने तिला यावेच लागत नाही. हाडातून आलेला आवाज हेडफोन अडवणार कसा? हेडफोन अडवतो तो डॉक्टरांचा आवाज. ‘जीभ बाजूला घ्या’, ‘थोडं झोंबेल हं’, ‘गुळणी करा’ हे सगळे वाया जाते आणि पेशंट दचकतो.

रागांच्या यादीबद्दल फार बोलायला नको, पण मालकंस निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे तो उत्तररात्रीचा, गंभीर. हेच पाच स्वर कर्नाटक संगीतात हिंदोळम् म्हणून नांदतात आणि तिथे त्यांना घड्याळाचे बंधन नाही. स्वरांचा मज्जातंतूंवर औषधासारखा ठरलेला परिणाम होत असता, तर तो कृष्णा ओलांडताच बदलला नसता. प्राचीनांचा हवाला देणाऱ्यांनी देवगिरीच्या शार्ङ्गदेवाकडे वळावे. तो वैद्यांच्या घराण्यातला. ‘संगीतरत्नाकर’ या आपल्या संगीतग्रंथात त्याने शरीराच्या उत्पत्तीवर प्रकरण लिहिले आहे. मात्र ते नाद देहात कसा उपजतो हे सांगण्यासाठी आहे, दाढदुखीवर गाणे लिहून देण्यासाठी नाही.

मग संगीत बंद करावे काय? तसे माझे म्हणणे नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या काळजीवर संगीताचा काय परिणाम होतो, याच्या २६ चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये आढावा घेतला. २० ते ८० च्या पट्टीवर काळजी सरासरी पावणेसहा गुणांनी उतरली होती. कान झाकून चाचणी घेता येत नाही, हा दोष धरला तरी हे अगदीच नगण्य नाही. त्याच संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात वेदना मात्र दहापैकी जेमतेम अर्ध्या गुणाने कमी झाली होती. भीती आणि वेदना यांची गल्लत करू नये ती यासाठी. वेदनेला लिडोकेन हे भुलीचे औषध आहे, १९४० च्या दशकापासून आहे. आतून सुजलेल्या, ठणकणाऱ्या दाढेला तेही कधीकधी नीट लागत नाही. तिथली आम्लता औषधाला नसेपर्यंत पोचू देत नाही. अशा वेळी पेशंट ‘दुखतंय’ म्हणतो ते खरेच असते. तिथे आणखी भूल द्यायची सोडून बासरीचा आवाज वाढवणे ही मला सरळ हयगय वाटते.

संगीताचे खरे ठिकाण कोणते, ते नॉर्मन कोरा यांनी १९६९ साली दाताच्या भीतीचे मोजमाप करण्यासाठी केलेल्या प्रश्नावलीत सापडते. तिच्यात चारच प्रश्न आहेत. उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचे आहे, तर कसे वाटते? बाहेर नंबराची वाट पाहताना? खुर्चीत बसल्यावर डॉक्टर ड्रिल तयार करत असताना? दात साफ करण्याची हत्यारे मांडली जात असताना? चारही प्रश्न काम सुरू होण्याआधीचे. भूल द्यायच्या इंजेक्शनचा पाचवा प्रश्न तिच्या सुधारित आवृत्तीत १९९५ मध्ये आला. वाट पाहण्याच्या या वेळात गाणे जरूर असावे, पण ज्याचे त्याने निवडलेले. आजोबांना नाट्यगीत हवे असेल, नातवाला ढोलताशा. बाहेरच्या बाकावर दोन्ही कानांत चालेल, खुर्चीत एकाच. आणि हात वर केला की ड्रिल थांबेल, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगावे, मग पहिल्याच वेळी खरोखर थांबून दाखवावे. गार्डनरच्या पेटीतले एवढे तरी बिनखर्चाचे आहे.