तंजावरचे खिळे आणि आजचा कळफलक

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर, दुसऱ्या सरफोजीराजांनी 1805 साली तंजावरास देवनागरी छापखाना उभारला. त्याचे नाव नवविद्याकलानिधी. ‘बालबोध मुक्तावली’ हा इसापनीतीचा मराठी अनुवाद 1806 मध्ये तेथूनच बाहेर पडला.

त्या नावातील ‘क्ता’ डोळ्यांना एकच अक्षर दिसते. वस्तुतः ते क, त आणि काना यांचे बनलेले आहे. कोणता खिळा कोठे बसवावयाचा, हे जुळारी मजकूर वाचून ठरवितो. कळफलकाला अशी समज नसते. अमुक जागेची कळ दाबली गेली, ती सुटली, एवढीच वर्दी तो देतो. तिचा वर्ण कोणता, हे निवडलेली लेखनपद्धती ठरविते. 1991 च्या भारतीय मानकातील इन्स्क्रिप्ट पद्धतीने ‘मुक्तावली’ लिहिण्यास नऊ आघात लागतात. अक्षरे मात्र चारच उमटतात. मोबाईलवर तर पुष्कळदा कोणती कळ दाबली, हेही आज्ञावलीला समजत नाही. तयार झालेला मजकूर तेवढा हाती येतो. म्हणून आज्ञावली रचणाराने हा विवेक राखावा: आज्ञा ओळखण्यासाठी कळ पाहावी, लेखनासाठी मजकूर घ्यावा.

हा विवेक सुटल्यास काय गमवावे लागते, हे तंजावरातच कळते. 1855 मध्ये ते राज्य खालसा झाले; त्याचे मोडी कागद मात्र सरस्वती महाल ग्रंथालयात राहिले. कावेरीकाठच्या गावांचा आणि यात्रेकरूंना अन्न देणाऱ्या छत्रांचा व्यवहार त्यांत नोंदलेला आहे. 2014 साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले. परंतु तिचे क्रमांक पहिल्या 65,536 स्थानांपलीकडचे आहेत. त्यामुळे अनेक आज्ञावल्यांत मोडीचा एकेक वर्ण दोन घरे व्यापतो. खोडण्याची कळ दाबल्यावर एकच घर पुसले गेले, तर मागे निरर्थक अर्धा वर्ण उरतो आणि त्या गावाचे नाव पुढे शोधूनही सापडत नाही.

छायाचित्राने कागद टिकतो. त्यातील गाव शोधावयाचे तर त्याचा मजकूरच व्हावा लागतो. दोनशे वर्षांपूर्वी जे काम जुळाऱ्याची नजर करी, ते आता आज्ञावलीकडे आले आहे. तिने ते चोख केले, तरच ओरत्तनाडूच्या छत्राचा हिशेब उद्याच्या अभ्यासकाच्या हाती लागेल.