एक्सलाइट्स

नाताळातील घरगुती रोषणाई संगीताच्या तालावर बसवण्याचे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. त्याचे बहुतेक वापरकर्ते अमेरिकेतील हौशी मंडळी. घराच्या दर्शनी भागाचे छायाचित्र पडद्यावर घेऊन छपराची कड, खिडक्या, झाडे यांवरच्या माळा दिव्यागणिक आखतात. मग गाण्याच्या ध्वनिलहरींखाली काळपट्टीवर रंग व हालचाली मांडतात. दर २५ किंवा ५० मिलिसेकंदांना चित्र बदलते. प्रत्येक दिव्याला लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल लागतात. त्यामुळे प्रकाशनियंत्रणाच्या डीएमएक्स पद्धतीतील ५१२ चॅनेलचा एक गट, म्हणजे युनिव्हर्स, १७० दिव्यांतच भरतो. हा हिशेब खरेदीआधी उमगतो, हाच पडद्यावरच्या पूर्वदर्शनाचा मोठा लाभ. मात्र लांब माळेत व्होल्टेज घटून टोकाचा पांढरा दिवा तांबूस दिसतो, तो दोष पडद्यावर दिसत नाही. तयार फाइल बहुधा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरील फाल्कन प्लेअर हे सॉफ्टवेअर चालवते.