लाल परीचा पत्रा आणि वेल्डिंगची ठिणगी

यवतमाळच्या बसस्थानकात उभ्या असलेल्या लाल परीच्या पत्र्यालाही इतिहास आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी लाकडी बांधणीची होती. पुढे ॲल्युमिनियम आले. ते लोखंडासारखे गंजत नसे. फाटलेला तुकडा काढून नवा रिव्हेटने ठोकला की काम संपले. अपघातात मात्र हा पत्रा सहज फाटे आणि प्रवासी जायबंदी होत. म्हणून गेल्या दशकात महामंडळ पोलादी बांधणीकडे वळले. नागपूरच्या हिंगणा कार्यशाळेतही तेच घडले. पोलादाने सुरक्षा दिली, पण सोबत गंजही आणला. आता रिव्हेटची जागा वेल्डिंगने घेतली.

आणि इथेच यंत्राची निवड निर्णायक ठरते. आपल्याकडे कापसाच्या ट्रॉल्या जोडणारे रॉडचे वेल्डिंग जाड लोखंडाला उत्तम. मिलिमीटरभर पत्र्याला ते भोक पाडते. गॅसच्या ज्योतीने पत्रा वाकतो. यावरचा उपाय १९५०च्या दशकात विकसित झाला : कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात वितळणारी बारीक तार, म्हणजेच कारागिरांचे ‘सीओटू’. त्यात सलग शिवण ओढायची नसते; दूरदूर टाके घालून पत्रा मध्ये निवू द्यायचा. त्याआधी गंज चकचकीत धातू लागेपर्यंत कापायचा. हे हाताला उमगेपर्यंत नवशिक्याचे भंगारातले दोन-चार पत्रे जळतातच!